विरोधी बाकावरचे बाबासाहेब

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला. वकिली केलेल्या आणि विरोधी पक्षात राहून स्पष्ट बोललेल्या एखाद्या पुढाऱ्यावर लिहावे, अशी त्यांची सूचना होती. बोदवडच्या मंडळात असा विषय निघाला म्हणजे प्रथम नाव निघणार ते शेजारच्या नाडगावच्या प्रतिभाताई पाटलांचे. जळगावच्या कोर्टात त्यांनी वकिली केली, १९६२ साली त्या आमदार झाल्या, १९७९-८० मध्ये विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या आणि २००७ साली भारताच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. पण त्यांची हकीकत आपल्या भगिनींना तोंडपाठ आहे. नाडगावच्या लेकीची गोष्ट बोदवडकरांना मी काय नवी सांगणार! म्हणून मी दुसरे नाव घेतले आहे. ते नाव सर्वांच्या ओळखीचे आहे, परंतु त्याची ही बाजू आपल्यापैकी पुष्कळजणींच्या कानावर आलेली नसावी. ते नाव डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे.

बाबासाहेब म्हटले की घटना, चवदार तळे आणि नागपूरची दीक्षा एवढे आपल्या डोळ्यांसमोर येते. घटनाकार म्हणून त्यांचा पुतळा आपण पाहतो, त्यामुळे ते जन्मभर सत्तेच्या आसनावर बसलेले असावेत असा काहींचा समज होतो. हिशेब केला तर उलटे दिसते. १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य आणि १९४७ ते १९५१ कायदेमंत्री, एवढीच काय ती त्यांची सत्तेतली वर्षे. म्हणजे जेमतेम आठ. त्याआधीची मुंबईच्या कायदेमंडळातली आणि त्यानंतरची राज्यसभेतली वर्षे त्यांनी सरकारच्या समोरच्या बाजूला बसून काढली. आणि स्त्रियांसाठी ते जे जे बोलले, त्यातले पुष्कळसे अशा वेळी बोलले की ज्या वेळी मते मोजली असता हार ठरलेलीच होती.

१९२२ साली लंडनच्या ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले आणि १९२३ साली मुंबईच्या हायकोर्टात उभे राहिले. वकिलीची सनद घेण्यापुरतेही पैसे जवळ नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने ते दिले. बॅरिस्टरला काम मिळते ते सॉलिसिटरांच्या हातून, आणि अस्पृश्य बॅरिस्टरकडे कागद पाठवण्यास ते सॉलिसिटर राजी नव्हते. मग परळच्या कचेरीत गिरणीकामगार आणि गोरगरीब पक्षकार येत, त्यांची कामे चालत. संसार चालावा म्हणून ते एका संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत. पुढे हेच गृहस्थ १९३५ साली मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. असो.

त्यांच्या वकिलीतली तीन कामे मला महत्त्वाची वाटतात. पहिले १९२६ चे. ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे आदी ब्राह्मणेतर मंडळींवर पुण्यात खटला झाला होता आणि खाली शिक्षा लागली होती. अपिलात बाबासाहेबांनी त्यांची बाजू मांडली आणि ती मंडळी सुटली. दुसरे महाडच्या तळ्याचे. १९२७ च्या मार्चमध्ये तळ्याचे पाणी घेतले, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात आहे. पण त्यानंतर तळे खाजगी आहे असा दावा स्पृश्यांनी लावला आणि तो दावा कोर्टात दहा वर्षे चालला, हे पुस्तकात ठसठशीतपणे येत नाही. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. एका तळ्यासाठी दहा वर्षे तारखा! आपल्याकडे बांधाच्या भांडणात ज्यांनी तारखांवर तारखा काढल्या असतील, त्यांना या दहा वर्षांचा अर्थ समजेल.

तिसरे काम हरलेले आहे. रघुनाथ धोंडो कर्वे, म्हणजे महर्षी अण्णासाहेब कर्व्यांचे चिरंजीव, ‘समाजस्वास्थ्य’ नावाचे मासिक चालवीत. संततिनियमन आणि स्त्रीपुरुषसंबंध या विषयांवर उघडपणे लिहिणारे ते मासिक होते. त्यातील प्रश्नोत्तरे अश्लील आहेत म्हणून १९३४ साली कर्व्यांवर खटला झाला. ज्या विषयाचे नाव काढणेही सभ्य घरात वर्ज्य होते, त्या विषयासाठी कोर्टात उभे राहण्यास बाबासाहेब तयार झाले. विकृती असेल तर ती ज्ञानानेच जाईल, आणि लैंगिक विषयावर कोणी लिहिले एवढ्यानेच ते अश्लील ठरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. मॅजिस्ट्रेटला तो पटला नाही. कर्व्यांना दंड झाला.

कायदेमंडळात ते १९२७ च्या फेब्रुवारीत आले. मुंबई इलाख्याच्या कौन्सिलात सरकारने त्यांची नेमणूक केली होती. सरकारने नेमलेला माणूस सरकारची री ओढणार, असाच त्या काळचा रिवाज. परंतु अंदाजपत्रकावरच्या पहिल्याच भाषणात त्यांनी शेतसाऱ्यावर बोट ठेवले. प्राप्तिकर भरणाऱ्याला अमुक उत्पन्नापर्यंत माफी आहे. मग एक-दोन एकरांच्या धन्याला, पीक येवो वा बुडो, सारा का भरावा लागतो, असा त्यांचा सवाल होता. तो खानदेशच्या कपाशीवाल्यालाही लागू होता. १९२८ साली महार वतनाचे बिल त्यांनी आणले. गावकीची बारमाही राबणूक आणि तिच्या बदल्यात मूठभर बलुते, ही रीत मोडावी असा त्या बिलाचा हेतू होता. शेवटी ते मागे घ्यावे लागले.

त्याच वर्षी, जुलै १९२८ मध्ये, गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांना बाळंतपणाची पगारी रजा मिळावी, या बिलावर ते बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे देशाच्याच हिताचे आहे, असे त्यांनी सांगितले. मग खर्च कोणी सोसावा? मुख्यतः तो भार सरकारने उचलावा, असे त्यांचे मत होते; पण बाईच्या श्रमातून मालकाला नफा होतो, तेव्हा त्यानेही तो काही अंशी सोसणे गैर नाही, असे ते म्हणाले. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. ही एक लढाई त्यांच्या बाजूने सुटली. सभागृहात त्या वेळी बोलणारे सगळे पुरुषच. आणि बाळंतिणीला किती दिवस निजू द्यावे, याची चर्चा ते करीत होते. वाचताना हसूही येते आणि बरेही वाटते.

मधल्या काळातल्या गोलमेज परिषदा, पुणे करार आणि येवल्याची घोषणा या गोष्टींत मी शिरत नाही. त्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे.

१९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीत या नव्या पक्षाने मुंबई इलाख्यात सतरा जागा लढवल्या आणि त्यांतल्या बहुतेक जिंकल्या. येथे आपला भाग येतो. पूर्व खानदेशातून, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यातून, या पक्षातर्फे दौलत गुलाजी जाधव निवडून आले. त्याच वर्षी, ३१ जुलै १९३७ रोजी, बाबासाहेब एका खटल्यासाठी धुळ्याच्या कोर्टात आले. धुळ्याजवळ लळिंगच्या रानात लांडोर बंगला आहे, तेथे त्यांचा मुक्काम झाला. त्या दिवसाची आठवण म्हणून दर ३१ जुलैला तेथे यात्रा भरते. भर पावसात बायका कडेवर पोरे घेऊन डोंगर चढतात. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. आपले बोदवड त्याच लोहमार्गावर. भुसावळच्या रेल्वेत काम करणारी कुटुंबे या पट्ट्यात गावोगाव आहेत. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, असे बाबासाहेबांनी त्या परिषदेत सांगितले. पहिल्या शब्दाने एक बाजू दुखावली, दुसऱ्याने दुसरी. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात नव्हे, तर समता आणि बंधुभाव नाकारणारी वृत्ती, ती सर्व जातींत असते, असा खुलासाही त्यांनी तेथेच केला होता. तो खुलासा मात्र फारसा कोणी लक्षात ठेवला नाही.

मुंबईत तेव्हा बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते. स्वातंत्र्यासाठी तुरुंगात जाऊन आलेली माणसे सत्तेवर बसलेली. लोकांच्या मनात त्यांच्याविषयी अपार आदर. अशा सरकारला विरोध करणे सोपे नसते. विरोध करणाऱ्यालाच देशद्रोही ठरवतात. तरीही १९३७ च्या सप्टेंबरात त्यांनी कोकणातली खोती नष्ट करण्याचे बिल मांडले, आणि १९३८ च्या जानेवारीत हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा घेऊन ते मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेले. त्याच वर्षी कामगारांच्या संपावर बंधने घालणारे औद्योगिक कलहाचे बिल सरकारने आणले. काम करावे की न करावे हे ठरवण्याचे स्वातंत्र्य काढून घेतले तर माणूस गुलाम होतो. म्हणून संप म्हणजे स्वातंत्र्याचेच दुसरे नाव, असे त्यांनी सभागृहात बजावले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत त्या बिलाविरुद्ध मोठा संप झाला. बिल मात्र मंजूर झाले, कारण बहुमत समोरच्या बाकांवर होते.

त्या संपाला तीन दिवस होतात न होतात तोच, १० नोव्हेंबर १९३८ रोजी, आपल्या दृष्टीने फार महत्त्वाची गोष्ट त्याच विधानसभेत घडली. संततिनियमनाची साधने सरकारने लोकांना उपलब्ध करून द्यावीत, असा ठराव मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मांडला. बाबासाहेब त्या दिवशी हजर नव्हते. त्यांनी तयार केलेले भाषण रोहमांनी वाचले. बाईला नको असेल तेव्हा गर्भ राहू नये, मूल होऊ द्यायचे की नाही हे तिने ठरवावे, असे त्यात म्हटले होते. शिवाय बाळंतपणाच्या वेदना पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या, तर एकाहून अधिक मूल होऊ देण्यास कोणीही पुरुष कबूल झाला नसता, असेही त्यात होते. ज्या काळी आपल्या आज्या आठ-आठ, दहा-दहा बाळंतपणे काढीत होत्या आणि दोन-चार पोरे पुरून पुन्हा जात्यावर बसत होत्या, त्या काळी हे वाक्य विधानसभेत उच्चारले गेले! ठराव मोठ्या फरकाने पडला. सरकारी पातळीवर कुटुंबनियोजनाची योजना यायला त्यानंतर चौदा वर्षे लागली.

१९३९ च्या ऑक्टोबरात, महायुद्धाच्या प्रश्नावर, ते त्या सभागृहात जे बोलले ते आजही लोकांना झोंबते. देश आणि मी असा प्रश्न आला तर देश आधी. पण देश आणि अस्पृश्य असा प्रश्न आला तर मी अस्पृश्यांची बाजू घेईन, असा त्या बोलण्याचा मथितार्थ होता. मला स्वतःला ते वाक्य प्रथम वाचले तेव्हा रुचले नव्हते. परंतु ज्या देशात तळ्याचे पाणी पिण्यासाठी दहा वर्षे दावा लढवावा लागतो, त्या देशाशी हिशेब असाच चोख मांडावा लागतो, असे आता वाटते. गोड बोलून काही पदरात पडले असते तर त्यांनी गोड बोलून पाहिलेही असते.

मजूरमंत्री असताना १९४२ च्या जुलैत नागपूरला दलित स्त्रियांची मोठी परिषद झाली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. समाज किती पुढे गेला हे मी त्यातल्या बायका किती पुढे गेल्या यावरून मोजतो, असे बाबासाहेबांनी तेथे सांगितले. स्वच्छ राहा, मुलींना शिकवा, त्यांची लग्ने घाईने उरकू नका, आणि लग्नानंतर नवऱ्याच्या बरोबरीने उभ्या राहा, असा त्यांचा उपदेश होता.

आता हिंदू कोड बिलाकडे येते. त्याचे महत्त्व कळण्यासाठी आधी काय होते ते सांगितले पाहिजे. माझ्या आजोबांची धाकटी बहीण, जिला आम्ही जिजी म्हणत असू, १९३० च्या सुमारास विधवा झाली. मूलबाळ नव्हते. सासरी बागायत जमीन होती, पण एकत्र कुटुंबात नवरा वारला की त्याचा हिस्सा भावांकडे जाई. विधवेला मिळे ते अन्नवस्त्र. वर्षाकाठी दोन पोती ज्वारी आणि चोळी-बांगडीपुरते चार पैसे दीर धाडीत, आणि एखाद्या साली पाऊस नाही म्हणून तेही धाडीत नसत. १९३७ साली डॉ. गोपाळराव देशमुखांच्या प्रयत्नाने विधवेला नवऱ्याच्या हिश्श्यात वाटा देणारा कायदा झाला; पण तो वाटासुद्धा तहहयात उपभोगण्यापुरता. तिला तो विकता येत नसे, कोणाला देता येत नसे. ती मेली की परत सासरच्या पुरुषांकडे. आणि लेकीला तर भाऊ असताना बापाच्या मिळकतीत काहीच नाही. पुरुषाने मात्र दोन केल्या काय आणि तीन केल्या काय, कोणी विचारणारे नव्हते.

सर बेनेगल नरसिंह राव यांच्या समितीने या सगळ्याचा एक मसुदा केला होता. कायदेमंत्री झाल्यावर बाबासाहेबांनी तो हाती घेतला. १९४८ मध्ये निवड समितीने लेकीचा वाटा मुलाच्या बरोबरीचा केला. बाईच्या मिळकतीवर तिची पूर्ण मालकी, एकपत्नीत्व, घटस्फोट, दत्तक घेण्याचा हक्क, असे सर्व त्यात होते. आणि मग गदारोळ उठला. धर्म बुडाला, कुटुंबे मोडली, बहीण-भावांत कोर्टकचेऱ्या सुरू होणार, अशी ओरड झाली. काँग्रेसमधले मोठमोठे पुढारी विरोधात होते. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनाही ते बिल पसंत नव्हते. दुर्गाबाई, हंसाबेन मेहता, रेणुका राय या भगिनींनी मात्र बिलाची बाजू धरली.

या वादात बाबासाहेबांच्यातला वकील पुरता दिसतो. घटस्फोटाने हिंदू धर्म बुडेल म्हणणाऱ्यांना त्यांनी विचारले, हिंदूंमध्ये बहुसंख्य कोण? शूद्र मानलेल्या जाती. त्यांच्यात काडीमोड आहे, पाट आहे, पिढ्यान्‌पिढ्या आहे. मग मूठभर वरच्या जातींची चाल साऱ्या हिंदूंचा धर्म कशी? याला सभागृहात सरळ उत्तर आले नाही. आपल्या खानदेशात ज्यांच्या घराण्यांत पाट लागत आले आहेत, त्यांना या प्रश्नातली मेख चटकन समजेल.

१९५१ च्या सप्टेंबरात बिल पुन्हा पुढे आले. वेळ थोडा म्हणून लग्न आणि घटस्फोट एवढाच भाग आधी घ्यायचे ठरले. चार कलमे मंजूर झाली आणि काम थांबले. निवडणुका तोंडावर आल्या होत्या. पंडित नेहरूंनी बिल बाजूला ठेवले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी राजीनामा दिला. राजीनाम्याची कारणे एकच नव्हती. दलितांकडे होणारे दुर्लक्ष, परराष्ट्र धोरण, मंत्रिमंडळात स्वतःला महत्त्वाच्या कामापासून दूर ठेवल्याची तक्रार, हेही त्यात होते. परंतु हिंदू कोडाची कथा त्यात मोठी आहे. ऑक्टोबरात ते लोकसभागृहात निवेदन करायला उभे राहिले तेव्हा उपसभापतींनी निवेदनाची प्रत आधी मागितली. ते सभागृहातून निघून गेले आणि निवेदन वर्तमानपत्रांना दिले. वर्गावर्गातली आणि स्त्रीपुरुषांतली विषमता तशीच ठेवून आर्थिक सुधारणांचे कायदे करीत राहणे म्हणजे शेणाच्या ढिगावर राजवाडा बांधणे होय, असे त्यात त्यांनी म्हटले. मंत्रिपद सोडणारी माणसे थोडी, आणि बायकांच्या हक्कासाठी ते सोडणारे तर त्याआधी मला कोणी आठवत नाही.

मग हारण्याचेच दिवस आले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईतून ते उभे राहिले आणि काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांच्याकडून सुमारे १४ हजार मतांनी पडले. ज्यांनी घटना लिहिली, त्यांना त्याच घटनेखालच्या पहिल्या लोकसभेत जागा मिळाली नाही. १९५२ सालीच ते राज्यसभेवर गेले. १९५४ मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूक लढवली. तेथे मतदाराला दोन मते होती, एक सर्वसाधारण जागेचे आणि एक राखीव. आपल्या लोकांनी दुसरे मत कोणालाच न देता वाया घालवावे, म्हणजे बाबासाहेब निवडून येतील, असे काही कार्यकर्त्यांनी सुचवले. घटना करणारा मीच मत फुकट घालवा असे सांगू काय, म्हणून त्यांनी ते साफ नाकारले, असे त्यांचे सहकारी सांगत. जोडीचे अशोक मेहता निवडून आले; बाबासाहेब पडले.

राज्यसभेतही जीभ मऊ झाली नाही. १९५३ च्या सप्टेंबरात, आंध्र राज्याच्या बिलावर बोलताना, ही घटना जाळायची झाली तर मी पहिला पुढे येईन, असे ते म्हणून गेले. साऱ्या देशात खळबळ उडाली. अल्पसंख्याकांना संरक्षण देण्याची हमी राज्यपालांच्या हाती काहीच ठेवलेली नाही, या संदर्भातले ते बोलणे होते. पुढे १९५५ मध्ये त्यांनी त्याचा खुलासा केला की देवासाठी देऊळ बांधावे आणि देव बसण्याआधीच त्यात असुरांनी ठाण मांडावे, तर ते देऊळ पाडण्यावाचून काय उरते? माणूस तापट होता, हे मान्य करायला हवे. पण तापटपणाच्या पोटात मुद्दा असे, आणि मुद्द्याच्या बाजूला पुरावा असे.

इकडे त्यांचे बिल मेले नव्हते. नेहरूंनी त्याचे तुकडे करून ते एकेक करून पुढे आणले. आणि हे कायदे लोकसभेत कोणी पार पाडले? हरी विनायक पाटसकर यांनी. पाटसकर वकील होते आणि १९५२ साली जळगावमधून निवडून आलेले खासदार होते. म्हणजे ज्या कायद्यासाठी बाबासाहेबांनी खुर्ची सोडली, त्याच्या कागदावर शेवटचा हात फिरला तो आपल्या जिल्ह्याच्या प्रतिनिधीचा. १९५५ च्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा झाला. १७ जून १९५६ रोजी वारसा कायदा आला. विधवेच्या ताब्यातली मिळकत तिची पूर्ण मालकीची झाली. आमच्या जिजीला त्याचा लाभ झाला नाही, कारण तिच्या नावावर कधी काही चढलेच नव्हते. वारसा कायद्यानंतर सहा महिन्यांच्या आत, ६ डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेब गेले.

एक गोष्ट मला नेहमी नवलाची वाटते. बाबासाहेबांची तसबीर माझ्या लहानपणी गावाच्या एकाच वस्तीत असे. पाटीलवाड्यात, पेठेत, आळीत ते नाव ‘त्यांचे’ म्हणून घेतले जाई. परंतु वारसा कायद्याने फरक कोठे पडला? ज्यांच्याकडे जमीन होती तेथे. ज्या वस्तीत तसबीर होती तेथे बहुतेकांकडे वाटून घ्यायला शेतच नव्हते. त्यांच्या भांडणाचा जास्तीत जास्त फायदा पाटलांच्या, मारवाड्यांच्या, ब्राह्मणांच्या, माळ्यांच्या लेकीसुनांना झाला, आणि त्यांच्या देवघरात वा बैठकीत तो चेहरा अद्याप क्वचितच दिसतो.

१९५६ च्या कायद्यात एक मोठी फट राहिली होती. बापाने स्वतः कमावलेल्या मिळकतीत लेकीला वाटा मिळाला, पण वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्माने हक्क मुलालाच राहिला. आपल्याकडे जमीन बहुधा वडिलोपार्जितच! महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून ती फट बुजवली, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून साऱ्या देशाला लागू असलेला दुरुस्ती कायदा आला आणि विवाहित-अविवाहित हा भेद गेला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की बाप २००५ पूर्वी वारला असला तरी लेकीचा जन्मसिद्ध हक्क बुडत नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या उकरून काढता येत नाहीत.

आणि तरीही तहसील कचेरीच्या आवारात आपण काय पाहतो? बाप गेल्यावर वारसनोंदीला बहिणीची नावे लागतात, आणि लगोलग हक्कसोडपत्राचा कागद पुढे येतो. भाऊ म्हणतो, माहेर हवे की जमीन? बहीण विचारात पडते. भाऊबीज, आखाजीचे बोलावणे, लेकराच्या लग्नातला मामाचा मान, हे सगळे तिच्या डोळ्यांपुढून जाते, आणि ती सही करते. आखाजीला झोक्यावर बसून माहेराची गाणी म्हणणाऱ्या खानदेशच्या लेकी आपण. माहेर तुटण्याची धमकी आपल्याला किती लागते हे भावांना चांगले ठाऊक असते. मंडळात या विषयावर बोलणे झाले तेव्हा काही भगिनी म्हणाल्या, आमचे भाऊ चांगले आहेत, आम्ही खुशीने सोडले. खुशीने सोडले असेल तर कोणाचे काही म्हणणे नाही. पण कागदावर किती एकर, किती विहिरी, बाजारभाव काय, हे वाचून न घेता केलेल्या सहीला खुशी म्हणावे का, हा प्रश्न उरतो. हक्कसोडपत्र नोंदणी झाल्याशिवाय पुरे होत नाही, आणि नोंदणीच्या वेळी बाईला स्वतः हजर राहावे लागते. त्या वेळी कागद हातात घेऊन वाचण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. वाचता येत नसेल तर मंडळातल्या कोणालाही बरोबर न्यावे.

बाबासाहेबांची विधिमंडळातली भाषणे महाराष्ट्र शासनाने छापली आहेत. मुंबईच्या कायदेमंडळातली भाषणे दुसऱ्या खंडात आहेत. हिंदू कोडाची चर्चा चौदाव्या खंडात, आणि ती एवढी लांब की त्या एका खंडाचे दोन भाग करावे लागले. ग्रंथ इंग्रजीत आहेत. मराठी भाषणांचे खंड वेगळे आहेत, ते वाचायला सोपे. यंदाच्या वर्गणीतून ते आपल्या कपाटात घ्यावेत, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे.